जामीन अकरा वाजता कुठे जातो

कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात वकीलसाहेबांना सगळे 'नाक' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'साहेब', पाठ वळली की 'नाक'. समोर बसलेल्या नवऱ्याचं किंवा बायकोचं बाहेर काही चाललंय का, हे त्यांना फाईल उघडायच्या आत कळतं अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटाही कमी नव्हता. सव्वीस वर्षांत मोडलेल्या संसारांची मोजदाद त्यांच्याकडे वर्षवार होती. जुळवलेल्यांची नव्हती, तसा रकानाच त्यांनी आखला नव्हता.

"माणसाचं बाहेर काही सुरू झालं की तीन गोष्टी होतात, ताई," ते रात्री जेवताना सांगत. "एक, घरचं अन्न गोड लागत नाही. दोन, अंगाला परका वास येतो. तीन, ठरावीक वेळेला तो उगाचच खूश असतो. तिन्ही जुळलं की समजायचं."

ताई 'हो का' म्हणे आणि त्यांच्या ताटात आणखी वाढे. ती त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा साहेब शाळेतही जात नव्हते. ताईनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, आणि पुढे ते कडेवरून उतरले तरी घरातून काही गेले नाहीत. लग्न त्यांनी केलं नाही. दिवसभर पंक्चर काढणाऱ्याला सायकलची हौस उरत नाही, तसं.

घरात तिसरा जीव म्हणजे कुत्रा. एक अशील 'पुढच्या तारखेला येईन, तोवर सांभाळा' म्हणून पिल्लू ठेवून गेला आणि तारखेला उगवलाच नाही, म्हणून त्याचं नाव जामीन. तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला, त्यामुळे सदैव अर्धंच ऐकतोय असं वाटणारा. पण साहेबांचं पूर्ण ऐकणारा जगात तेवढाच एक होता. दुसऱ्या दिवशीचा युक्तिवाद ते आदल्या संध्याकाळी त्याच्यासमोर उभे राहून करत. जामीनने आजवर त्यांचा एकही मुद्दा खोडला नव्हता. दार उघडलं की ताईचा आवाज आणि जामीनची शेपटी, एवढ्या दोन गोष्टींवर साहेबांचं घर उभं होतं. त्यातली एक जरी गेली तरी आपलं काय होईल, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. पायाखालच्या फरशीचा कोण विचार करतो?

तर एका सकाळी जामीनने दूधपावाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

साहेबांनी त्याला जवळ ओढून मानेचा वास घेतला. शिवणयंत्रात घालतात तसल्या पातळ तेलाचा वास होता. त्यांच्या घरात शिवणयंत्र नव्हतं.

"ताई, ह्याच्या अंगाला कसला वास येतोय?"

"कुत्र्याचा."

त्या दिवशी साहेबांची कंबर धरली होती, म्हणून ते घरीच राहिले. बरोबर अकराला दहा मिनिटं असताना जामीन उठला, अंग ताणलं, पंजे चाटले आणि शेपटी हलवत दारापाशी उभा राहिला. साहेबांनी बोटं मोजली. तीन. तिन्ही.

"सोड त्याला," ताई आतून म्हणाली. "फेरी मारून येतो."

"एकटा?"

"मग काय वऱ्हाड पाठवू बरोबर?"

दुपारी जामीन परत आला तेव्हा साहेबांनी त्याची झडती घेतली. पट्ट्याखाली, केसांत लपलेला, पितळेचा नाण्याएवढा बिल्ला निघाला. कडा इतक्या सफाईने घासलेल्या की बोट फिरवलं तर रेशीम. त्यावर बारीक, सुबक अक्षरांत कोरलं होतं: 'साहेब'.

साहेबांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. ह्या घरचा जामीन दुसऱ्या कुणाच्या घरी साहेब होता. असे नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. इथे बंडू, तिथे राजाभाऊ. फक्त त्यांच्यातला एकही रात्री आपल्या पायाशी झोपत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारकुनाला, म्हणजे नानांना, दार लावून घ्यायला सांगितलं. नाना त्यांच्याकडे सतरा वर्षं होते. गावात कुणाचं कुठे काय चाललंय याची खबर आणायचं काम नानांचं. साहेबांच्या नाकाला वास पुरवणारा माणूस तोच.

"नाना, माझा कुत्रा बाहेर जातो."

"कुत्रे जातातच, साहेब."

"तसं नाही हो. बाहेर जातो." साहेबांनी भुवई उचलली. "दोन दिवसांत मला पत्ता पाहिजे."

दोन दिवसांनी नाना हात हलवत आले. "काही लागलं नाही, साहेब." सतरा वर्षांत नाना रिकाम्या हाताने कधी आले नव्हते. हे साहेबांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते नानांच्या वयाच्या खाती टाकलं.

मग त्यांनी स्वतःच कंबर कसली. एका चालू दाव्यात तब्येतीचं कारण देऊन तारीख मागून घेतली आणि सकाळी घराच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्र उघडून उभे राहिले. ताई दारापर्यंत आली, रस्त्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राकडे पाहिलं, वर्तमानपत्राखालच्या बुटांकडे पाहिलं आणि आत गेली. जामीन एकटाच निघाला.

कुत्रा असा चालत होता की कामावर निघालेल्या माणसाला लाज वाटावी. बेकरीपाशी थांबला नाही. चौकात गाड्या थांबेपर्यंत उभा राहिला आणि माणसांबरोबर रस्ता ओलांडला. शाळेच्या भिंतीला नेमाने एकदा सलामी दिली. मग डावीकडच्या गल्लीत तिसऱ्या दुकानाचं अर्धवट लोटलेलं दार नाकाने ढकलून आत शिरला. वर पाटी होती: 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील'.

साहेबांनी काचेला नाक लावलं. आत भिंतभर घड्याळं, सगळी एकच वेळ दाखवणारी. टेबलामागे डोळ्याला भिंग लावलेला, पांढऱ्या केसांचा, किडकिडीत घड्याळजी. त्याने भिंग काढलं, डब्यातून उकडलेलं अंडं काढलं, सोललं, फुंकर घालून जामीनपुढे धरलं. जामीनने ते असं खाल्लं की घरी दूधपाव कधी खाल्ला नसेल. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक घड्याळजीच्या हाताशी, दुसऱ्यावर बशी झाकलेली.

'चहासुद्धा पाजतो!' साहेबांच्या मनात आलं.

तेवढ्यात जामीनने मान वळवली. काचेपलीकडून त्यांची नजरानजर झाली. उभा कान हलला. साहेबांनी हात अर्धा वर केला. आणि ज्याच्यासमोर त्यांनी आयुष्यातले सगळे युक्तिवाद केले होते, त्या कुत्र्याने ओळख न दाखवता मान परत अंड्याकडे वळवली.

साहेब आत गेले नाहीत. रडणाऱ्या बायकांना ते सव्वीस वर्षं सांगत आले होते, 'आत जाऊन तमाशा करू नका, नोटीस पाठवू.' ते सांगणं किती सोपं होतं आणि ऐकणं किती जड, ते त्यांना त्या काचेपाशी कळलं.

नोटीस त्यांनी त्याच दिवशी सांगितली आणि नानांनी टंकली. 'आपण माझ्या मालकीच्या श्वानास उकडलेल्या अंड्यांचे आमिष दाखवून फितवले आहे. त्यास खोटे नाव देऊन त्या नावाचा बिल्ला त्याचे गळ्यात घातला आहे. त्यायोगे माझा गृहसौख्याचा अधिकार बाधित झाला आहे.' नानांची बोटं दर ओळीला थांबत होती.

"काय झालं, नाना?"

"काही नाही. गृहसौख्य म्हणजे कुत्र्यासकट का, ते पाहत होतो."

"सगळ्यांसकट," साहेब म्हणाले.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. साहेबांनी वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानाला त्यांच्या मनात कौतुक दाटून आलं. इतकं नेमकं उत्तर त्यांच्याकडच्या शिकाऊ वकिलांना दहा जन्मांत जमलं नसतं. 'सदर श्वान आमचे दुकानी स्वेच्छेने येतो. तो गेली चार वर्षे एकटा येत नसून, नोटीस देणाऱ्यांचेच घरातील एका जबाबदार व्यक्तीसोबत येतो. सदर व्यक्तीचे नाव नोटीस देणाऱ्यांचेच मनःशांतीसाठी येथे नमूद केलेले नाही.'

साहेब तिथे अडखळले. परत वाचावं म्हणून त्यांनी पानं उलटी केली, आणि त्यांचा हात कोपऱ्यातल्या दोऱ्यावर गेला.

कागद डाव्या कोपऱ्यात दाभणाने टोचलेले होते. हिरवा दोरा दोनदा ओवलेला, गाठ मागच्या बाजूला, आणि दोऱ्याची टोकं कापून न टाकता गाठीच्या आत खोचलेली. अख्ख्या कोर्टात टोकं आत खोचणारा माणूस एकच होता. बाकीचे पिना मारत.

"नाना!"

नाना दारात आले. साहेबांनी नुसतं कोपऱ्यावर बोट ठेवलं. नानांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हात आपोआप चालले, साहेब."

"नोटीस माझी, ती टंकली तुम्ही. उत्तर त्याचं, तेही लिहिलं तुम्ही."

"दोन्हीकडचं माहीत असलं की बरं लिहिता येतं," नाना खाली बघत म्हणाले. मग त्यांना बोलल्याचा पश्चात्ताप झाला. "ताईंनी सांगितलं होतं, साहेब. ताईंना नाही कसं म्हणू? सतरा वर्षं डबा खाल्लाय मी त्यांच्या हातचा."

"ताईनं?" साहेबांना अजूनही अंडंच दिसत होतं. "ताई कुत्र्याला तिकडे घेऊन जाते?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, आणि थोडं आश्चर्यही. "साहेब," ते म्हणाले, "खाली चला माझ्याबरोबर."

कोर्टाच्या तळमजल्यावर विवाह नोंदणीचं कार्यालय आहे आणि त्याच्या दाराशी फलक आहे. साहेब रोज सकाळी त्याच्यासमोरून जात आणि संध्याकाळी त्याच्यासमोरून येत. त्या फलकाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं; तिथली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायला दहा-बारा वर्षं लागतात. हरवलेल्या दाखल्याची जाहिरात आणि पाणी बंद राहण्याची सूचना यांच्या मध्ये नियोजित विवाहाची एक नोटीस होती. वराचा व्यवसाय घड्याळ दुरुस्ती. वधूच्या जागी ताईचं नाव होतं, पूर्ण, त्यांच्याच वडिलांच्या नावासकट. पत्त्याच्या जागी त्यांच्याच घराचा पत्ता.

"किती दिवस झाले?"

"एकोणीस. तीस झाले की लग्न."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

नानांनी उत्तर द्यायची गरज नव्हती. समोरून चहाचा ट्रे घेऊन जाणारा कँटीनवाला साहेबांना फलकापुढे उभं बघून थबकला, ट्रे सावरला आणि पाय न वाजवता निघून गेला. नोंदणी अधिकारी खिडकीतून एकदम आत झाले. ज्या इमारतीत साहेबांच्या नाकाची कीर्ती होती, तिथे ही खबर सगळ्यात शेवटी त्यांनाच लागली होती.

घरी ताई टेबलापाशी मटार सोलत बसली होती. साहेबांनी बॅग ठेवली नाही.

"धाकट्या, बस."

"उभाच बरा आहे. चार वर्षं, ताई?"

"पहिलं वर्ष धरू नकोस. पहिल्या वर्षी नुसतं घड्याळ दुरुस्त होत होतं."

"वर्षभर?"

"मी परत परत बिघडवत होते ना." तिने एक शेंग उकलली. "सांगणारच होते तुला."

"केव्हा? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला?"

"तुझी थट्टा झाली की मग बोलू."

"थट्टा माझी झालीय! अख्खं कोर्ट हसतंय. तो कँटीनवाला, ताई, कँटीनवाला माझी कीव करतोय. आणि त्या बिचाऱ्या मुक्या जनावराला मध्ये घालून..."

"ते मुकं जनावर नसतं तर मला घराबाहेर पाऊल टाकता आलं असतं?" ताईने पहिल्यांदाच मान वर केली. "बाई रोज अकराला एकटी कुठे जाते म्हणून दहा जण विचारतात. कुत्रा बरोबर असला की कुणी विचारत नाही."

"मला सांगायचंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

"एकदा सांगितलं होतं. आठवतो तो शाळामास्तर? अठरा वर्षं झाली. चहाला बोलावला होता आपण. तू दोन तास उलटतपासणी घेतलीस त्याची. शेवटी आपण नालायक आहोत असं त्याने स्वतःच कबूल केलं आणि टोपी विसरून गेला." ती हसली नाही. "टोपी चांगली होती."

साहेबांना ती तपासणी आठवत होती. त्यांच्या उत्तम तपासण्यांमध्ये ते ती धरत.

"मी हरकत घेईन," ते म्हणाले.

"कशावर?"

"शोधीन काहीतरी."

"शोध. तुझं कामच आहे ते." तिने सालं गोळा केली. "कुत्रा मात्र तुझाच. मी त्याला नेणार नाही."

साहेब जामीनकडे बघत होते. तो दोघांच्या मध्ये आडवा झाला होता, डोकं ताईच्या चपलेवर. "आणि संध्याकाळी दार कोण उघडणार?" असं त्यांना विचारायचं होतं. पण असल्या प्रश्नाला पुरावा लागत नाही, आणि बिनपुराव्याचं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते आपल्या खोलीत गेले आणि कायद्याचं पुस्तक उघडून बसले.

पुढचे अकरा दिवस घरात बोलणं झालं ते मीठ हवंय का, एवढंच. तिसाव्या दिवसानंतरच्या सकाळी साहेब काळा कोट घालून नोंदणी कार्यालयात गेले. खिशात हरकतीचा कोरा अर्ज होता. कारण तेवढं भरायचं राहिलं होतं.

आत ताई, करड्या साडीत, केस नीट बांधलेले. शेजारी घड्याळजी, कोट उसना दिसत होता. नाना आणि घड्याळजीच्या शेजारचा एक दुकानदार साक्षीदार म्हणून आले होते. तिसरा साक्षीदार घड्याळजीचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, ते तापाने आडवं झाल्याचा निरोप आला होता. आणि जामीन घड्याळजीच्या बुटांवर बसला होता.

"साहेब," घड्याळजी कसाबसा म्हणाला.

साहेब आणि जामीन, दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"हे नाव का दिलं तुम्ही ह्याला?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या घरात साहेब म्हणून कुणीतरी आहेत, एवढंच ह्या सांगायच्या. रोज तुमच्याबद्दलच बोलायच्या. मला वाटलं, कुत्राच."

नानांनी खोकल्याचं सोंग केलं. साहेबांनी हात पुढे केला. "कागद बघू."

अधिकाऱ्यांनी निमूटपणे कागद दिले. साहेबांनी सगळे वाचले, मागची बाजूसुद्धा. ताईचा जन्मदाखला कधीच हरवलेला, म्हणून तिने वयाचं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. साहेबांची नजर तिथे थांबली. वय वर्षे अठ्ठावन्न.

साहेब स्वतः चौपन्न होते.

ताईने त्यांना पाठीवर बांधून पाणी भरलं होतं, शाळेच्या दारापर्यंत कडेवर नेलं होतं. चार वर्षांनी मोठी असलेली पोर हे करू शकत नाही; त्याला सात लागतात. शपथेवर केलेलं खोटं विधान. ह्याहून स्वच्छ हरकत त्यांना सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि ती घेऊ शकणारा माणूस पृथ्वीवर एकच उरला होता. त्यांनी वर पाहिलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. एकसष्ट वर्षांची बाई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत तीन वर्षं चोरताना पकडल्या गेलेल्या मुलीची भीती होती. घड्याळजी काही न कळून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

म्हणजे ही त्यालाही फसवतेय, साहेबांच्या मनात आलं. आणि त्यांना, कोण जाणे का, किंचित बरं वाटलं.

"काही हरकत आहे का, साहेब?" अधिकाऱ्यांनी घाबरत विचारलं.

साहेबांनी खिशात हात घातला. अर्ज बोटांना लागला. त्यांनी तो तिथेच ठेवून पेन बाहेर काढलं.

"कुत्रा," ते घड्याळजीला म्हणाले, "सकाळी तुमच्याकडे. संध्याकाळी सहाला माझ्या दारात. एक मिनिट उशीर चालणार नाही."

"मी घड्याळजी आहे," तो म्हणाला.

"अंडं एकच. आणि ह्यांनी," ताईकडे न बघता ते म्हणाले, "स्वतः आणून सोडायचं. दुसऱ्याकडे पाठवायचं नाही."

"येईन," ताई म्हणाली.

"तिसरा साक्षीदार पाहिजे ना तुम्हाला? आणा इकडे."

अधिकाऱ्यांनी कागद सरकवला. 'वरील मजकूर माझे माहितीप्रमाणे खरा आहे.' असल्या ओळीखाली खोटी सही करणाऱ्या किती जणांना साहेबांनी पिंजऱ्यात घाम फोडला होता, त्याचा आकडा त्यांना पाठ होता. पेन ओळीवर थोडा वेळ अधांतरी राहिलं. मग त्यांनी सही केली, नेहमीसारखी, खाली दोन रेघा मारून.

ताई त्यांच्या कानाशी आली. "तीनच तर वर्षं, धाकट्या."

"आपल्यातल्या सातांपैकी चार त्यांना दाखवलीस, तीन लपवलीस. उद्या ती सातही खोटी निघाली तरी मला आता नवल वाटायचं नाही." ते तिच्याकडे वळले नाहीत. वळले असते तर काय झालं असतं, याची त्यांना खात्री नव्हती.

अधिकारी रकाना भरत होते. "साक्षीदाराचं वधूशी नातं?"

"भाऊ."

"सख्खा का, साहेब? तसं लिहावं लागतं."

साहेबांनी ताईकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि घड्याळजीच्या बुटांवर बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. तिघांपैकी एकालाही त्यांची नजर झेपली नाही.

"सख्खा लिहा," ते म्हणाले. "पुरावा मात्र मागू नका."